आधी रेघ, मग समीकरण : मेकॅनिकलला नव्याने आलेल्यांसाठी

मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षात गटांगळ्या खाणारे सगळेच गणितात कच्चे असतात असं अजिबात नाही. इंटिग्रेशन येतं, सूत्रं तोंडपाठ असतात, सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी पटते. पण कोरा कागद समोर आला की हात चालत नाही, किंवा चालतो आणि उत्तर भलतंच येतं. चूक सूत्रात नसते. ते सूत्र नेमकं कशाला लावायचंय हेच ठरवलेलं नसतं. या एका गोष्टीवर मी जरा जास्तच रेंगाळणार आहे. ती कळायला उशीर झाला की किती विषय एकदम अंगावर येतात हे चांगलंच ठाऊक आहे.

फ्री बॉडी डायग्राम (एफबीडी) म्हणजे एकट्या वस्तूवरची सगळी बळं दाखवणारी आकृती, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तो काढता कुठे, ते सांगा. प्रश्नपत्रिकेत छापलेल्या आकृतीवरच चार बाण ओढून मोकळे होत असाल तर तो एफबीडी नव्हे. वस्तूभोवती रेघ मारायची, ती परिसरातून कापून काढायची आणि बाजूच्या कोऱ्या जागेत एकटी मांडायची. रेघ जिथे दुसऱ्या वस्तूला छेदते तिथे, आणि फक्त तिथेच, संपर्काचं बळ येतं. पिन असेल तर बळाचे दोन घटक. रोलर असेल तर पृष्ठभागाला लंब असं एकच. भिंतीत पक्का गाडलेला आधार असेल तर दोन बळं आणि एक मोमेंट, म्हणजे वळवणारा परिणाम. दोरी फक्त ओढते, ढकलत नाही. शेवटी वजन. संपली यादी. एखादा बाण कोणत्या वस्तूने लावला हे सांगता येत नसेल तर तो खोडा. ‘गतीमुळे लागणारं बळ’ नावाचा बाण याच नियमाने बाद होतो.

एका प्रतलात एका वस्तूसाठी समतोलाची समीकरणं तीनच मिळतात. अज्ञातं चार निघाली तर चौथं समीकरण शोधत बसू नका, दुसरी वस्तू कापा. जोडावर पहिल्या वस्तूवरचा बाण डावीकडे असेल तर दुसरीवरचा उजवीकडेच हवा. इथे घाईत दोन्ही बाण एकाच दिशेने काढले जातात आणि मग तीन पानं गणित बरोबर करूनही गुण शून्य. बाकी दिशा माहीत नसेल तर बिनधास्त अंदाज करा. उत्तर ऋण आलं की दिशा उलटी, एवढाच त्याचा अर्थ.

घर्षण मात्र या सवलतीला अपवाद आहे, आणि खरा खड्डा तिथेच आहे.

२० अंशांच्या उतारावर १० किलोग्रॅमचा ठोकळा स्थिर आहे, स्थितिक घर्षणांक ०.५. घर्षण किती? घर्षणांक गुणिले लंब प्रतिक्रिया, म्हणजे ०.५ × ९२.२ = ४६.१ न्यूटन, असं लिहून पुढे जाणारे वर्गात निम्मे तरी सापडतील. आता रेघ मारून बाण तपासा. ठोकळ्याला उतारावरून खाली खेचणारा वजनाचा घटक ९८.१ × साइन २०, म्हणजे ३३.६ न्यूटन. घर्षण खरोखर ४६.१ असतं तर १२.५ न्यूटन शिल्लक राहिले असते आणि ठोकळा आपण होऊन चढावर चालू लागला असता! खरं घर्षण ३३.६ न्यूटन, जेवढं लागतं तेवढंच. ४६.१ ही कमाल मर्यादा आहे. ठोकळा घसरण्याच्या अगदी बेतात आहे असं प्रश्नात म्हटलं असेल तेव्हाच ती बरोबरीने वापरायची.

ती वापरली की दिशेचा अंदाज करायची मुभाही संपते. भिंतीला टेकवलेली शिडी घसरायच्या बेतात आहे, भिंतही खडबडीत आहे. शिडीचं वरचं टोक खाली सरकू पाहतं, म्हणून तिथलं घर्षण वर. तळाचं टोक भिंतीपासून दूर जाऊ पाहतं, म्हणून तिथलं घर्षण भिंतीकडे. यातला एक बाण उलटा काढून तुम्ही घर्षणांक गुणिले प्रतिक्रिया लिहिलंत, तर ऋण चिन्ह येऊन तुम्हाला कोणी सावध करणार नाही. दिसायला अगदी सभ्य, धन, आणि साफ चुकीचं उत्तर येईल. म्हणून घर्षणाचा बाण काढण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: ‘हे टोक इकडे सरकू पाहतंय.’ वाक्य लिहायला लाज वाटते, पण लिहा.

हे सगळं मेकॅनिक्सच्या एका पेपरापुरतं असतं तर एवढा आटापिटा केला नसता. तीच रेघ थर्मोडायनॅमिक्समध्ये सिस्टिमची सीमा म्हणून परत येते आणि फ्लुइड मेकॅनिक्समध्ये कंट्रोल व्हॉल्यूम, म्हणजे हिशोबासाठी आखून घेतलेला भाग, म्हणून. नावं बदलतात, पण सापळा तोच राहतो.

थर्मोचं उदाहरण घ्या. उष्णतारोधक, ताठ भिंतींची रिकामी टाकी, आत निर्वात. व्हॉल्व्ह उघडला, ३०० केल्विनची बाहेरची हवा आत शिरली, दाब बरोबरीला आल्यावर व्हॉल्व्ह बंद केला. आतलं तापमान किती? उष्णता शून्य, टाकी फुगत नाही म्हणून कार्य शून्य, म्हणून अंतर्गत ऊर्जा तीच, म्हणून ३०० केल्विन. अगदी पटतं, आणि चूक आहे. या तर्कात सीमा टाकीभोवती मारली, पण सीमा ओलांडून आत येणारी हवा विसरली गेली. बाहेरचं वातावरण त्या हवेला आत ढकलतं, म्हणजे ती अंतर्गत ऊर्जेसोबत फ्लो वर्कही घेऊन येते. म्हणून आत येणाऱ्या हवेची एन्थाल्पी (अंतर्गत ऊर्जा अधिक फ्लो वर्क) बरोबर आतल्या हवेची अंतर्गत ऊर्जा. म्हणजे तापमान किती पट होतं? स्थिर दाबाची विशिष्ट उष्णता भागिले स्थिर आकारमानाची, हवेसाठी १.४. उत्तर १.४ × ३०० = ४२० केल्विन. तब्बल १२० अंशांचा फरक, आणि त्याला कारण फक्त एक न काढलेला बाण.

फ्लुइडमध्ये नळीचं काटकोनी वळण घ्या. व्यास १०० मि.मी., पाण्याचा वेग ३ मीटर प्रति सेकंद, आतला गेज दाब (वातावरणाच्या दाबापेक्षा जास्तीचा) २०० किलोपास्कल, वळणातली दाबाची घट आणि पाण्याचं वजन सोडून दिलं आहे. संवेगाच्या बदलाचा दर प्रत्येक दिशेला ७०.७ न्यूटन, दोन्ही दिशा मिळून १०० न्यूटन. बरेच जण इथेच थांबतात. पण पाण्याभोवती मारलेली रेघ नळीला दोन ठिकाणी आडवी छेदते, आणि त्या दोन्ही छेदांवर दाब आहे: प्रत्येकी १५७१ न्यूटन. सगळं मिळून वळणावर येणारं बळ सुमारे २३२० न्यूटन. १०० न्यूटनच्या हिशोबाने आधार बसवला तर काय होईल ते सांगायला नको. गेज दाब का चालतो? वातावरणाचा दाब वळणाला सगळीकडून सारखाच लागतो, तो आपोआप कटतो. पण आदर्श वायूच्या समीकरणात गेज दाब घातलात तर मेलात. तिथे १०१.३ किलोपास्कल मिळवूनच घालायचा.

चिन्हांचं एक प्रकरण आहे. काही पुस्तकं सिस्टिमने केलेलं कार्य धन मानतात, काही सिस्टिमवर केलेलं. थर्मोच्या पहिल्या नियमात एकीकडे वजाबाकी असते, दुसरीकडे बेरीज. दोन्ही बरोबर आहेत, मिसळली की दोन्ही बिघडतात. बीममध्येही तसंच: बीम खाली वाकवणारा मोमेंट धन की ऋण, हे एका पुस्तकातून घ्या आणि परीक्षेपर्यंत त्यालाच चिकटून राहा. सीनियरच्या नोट्स म्हणूनच मला धोक्याच्या वाटतात. त्या तीन ठिकाणांहून उतरवलेल्या असतात आणि प्रत्येक पानावर चिन्हांचा धर्म वेगळा असतो. प्रश्नांचा अंदाज यावा म्हणून खुशाल बघा, शिकायला नको.

व्हिडिओबद्दलही तेच. सोडवलेलं उदाहरण बघणं हा अभ्यास नव्हे, तो अभ्यास झाल्याचा भास आहे. प्रश्न वाचा, उत्तर झाका, वीस मिनिटं झगडा. अडलात तर फक्त आकृती उघडून बघा, समीकरणं नाही. आकृती जुळली तर पुढचं तुम्हाला येतंच. नाही जुळली तर तुमची चूक नेमकी कुठे आहे ते कळलं. दिवसाला असे तीन प्रश्न झाले तरी पुष्कळ. आणि शिक्षक निवडायची मुभा असेल तर शंका घेऊन गेल्यावर ‘तुझी आकृती दाखव’ म्हणणाऱ्याला धरून राहा. थेट उत्तर सांगणारा कितीही प्रेमळ असला तरी तुमचं नुकसानच करतो.

पहिल्या चाचणीत गुण कमी पडले तर घाबरू नका. मेकॅनिक्सचं घोडं बहुतेकांचं सुरुवातीला अडतंच, आणि आकृतीची सवय लागली की एकदम सुटतंही. बुद्धीचा प्रश्न नसतो तो.

डिझाइनमध्ये आल्यावर युनिट्सचा जाच सुरू होतो. सगळं न्यूटन आणि मि.मी.मध्ये ठेवा, म्हणजे स्ट्रेस आपोआप मेगापास्कलमध्ये येतो. १५ किलोवॅटची मोटर, १४४० आरपीएम. टॉर्क येतो ९९.५ न्यूटन-मीटर. शाफ्टच्या स्टीलसाठी ४० मेगापास्कल शिअर स्ट्रेस चालेल असं धरा. टॉर्क हजाराने गुणून घातला की व्यास २३.३ मि.मी. येतो. गुणायला विसरलात तर २.३३ मि.मी. १५ किलोवॅट तारेतून फिरवणार का? उत्तर हाताच्या बोटांनी मापून बघायची सवय लावा, कॅल्क्युलेटरला लाज नसते. २३.३ वर समाधान मानून २५ घेणाऱ्यांनी एक बघावं: शाफ्टला की-वे (की बसवायची खाच) असेल तर रूढ पद्धतीने स्ट्रेसची मर्यादा २५ टक्क्यांनी कमी करतात. ३० मेगापास्कलला व्यास सुमारे २५.७ येतो, म्हणजे २५ चा शाफ्ट बाद. पुढचं प्रमाणित माप घ्यावं लागेल.

ड्रॉइंगमध्ये फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल या दृश्यं मांडायच्या दोन पद्धती एकाच कागदावर मिसळू नका, चिन्ह बघूनच सुरुवात करा. आणि टॉलरन्स, म्हणजे मापातली चालणारी तफावत, ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका. २५ मि.मी.ला एच७/जी६ फिट (एच७ भोकासाठी, जी६ शाफ्टसाठी) लिहिलंत की भोक २५.००० ते २५.०२१ आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३. म्हणजे मोकळीक ७ ते ४१ मायक्रॉन. हे कोष्टक एकदा स्वतः उघडून पाहिलं की ती अक्षरं मंत्रासारखी वाटायची थांबतात.

वर्कशॉपबद्दल थोडंच, पण तिथे चुकीची किंमत गुणांत मोजत नाहीत. लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, फिरत्या जॉबमध्ये मोजा अडकला तर हातही जातो. चकची किल्ली हातात नसेल तर ती चकमध्ये नाही ना हे बघितल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. ५० मि.मी.चा माइल्ड स्टीलचा बार, एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल, ३० मीटर प्रति मिनिट कटिंग स्पीड धरला तर सुमारे १९० आरपीएम. गिअरमध्ये तेवढा नसेल तर खालचा घ्या, वरचा नाही. एम१० च्या आट्यांसाठी ८.५ मि.मी.चं ड्रिल. ‘थोडं घट्ट बसेल’ म्हणून ८ मि.मी.चं भोक पाडलंत तर टॅप (आटे पाडायचं हत्यार) आत मोडणार, आणि मोडका टॅप काढण्यात अख्खी दुपार जाणार. मायक्रोमीटर वापरण्याआधी झिरो एरर लिहून ठेवा, आणि माप रॅचेटनेच घ्या, थिंबल आवळून नाही.

सॉफ्टवेअर शेवटी, कारण ते शेवटीच यायला हवं. पहिल्या वर्षात सिम्युलेशनचं प्रमाणपत्र मिळवण्याची घाई मला समजते, पटत नाही. लाल-निळं चित्र कोणत्याही चुकीच्या माहितीवर तितकंच सुंदर येतं. आतल्या तीक्ष्ण कोपऱ्यात मेश (मॉडेलचे तुकडे पाडणारी जाळी) जितकी बारीक कराल तितका स्ट्रेस वाढतच जातो, तो कुठेही स्थिरावत नाही. तो आकडा सामग्रीचा नाही, तुम्ही शून्य त्रिज्येचा कोपरा काढलात त्याचा आहे. फिलेट द्या, म्हणजे कोपरा गोल करा, मग बोला. उलट ओढलेल्या रुंद पट्टीतल्या छोट्या गोल भोकाशी मेश बारीक केली की स्ट्रेस भोकापासून दूरच्या स्ट्रेसच्या साधारण तिपटीवर येऊन थांबायला हवा.

पहिलं मॉडेल म्हणून साधा कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला पक्का गाडलेला बीम, घ्या: ५०० मि.मी. लांब, २० × २० मि.मी. स्टील, टोकाला २०० न्यूटन. आधी कागदावर: टोक ३.१ मि.मी. वाकतं, मुळाशी बेंडिंग स्ट्रेस ७५ मेगापास्कल. मग मॉडेल चालवा, आणि रंगांकडे बघण्याआधी आधारावरची एकूण प्रतिक्रिया काढा. ती २०० न्यूटन आली नाही तर लोड किंवा आधार चुकीच्या जागी लागलाय. प्रतिक्रिया बरोबर आणि वाकणं मात्र हजारपट चुकलं, तर लांबी मीटरमध्ये आणि मॉड्युलस (स्टीलच्या ताठपणाचा आकडा) मि.मी.च्या हिशोबात गेलाय का ते तपासा. दोन्ही जुळलं की मगच लोड बदलून खेळायला घ्या.