पावसाळ्यात कंगव्याला कागदाचे कपटे चिकटत नाहीत? माझा अनुभव

ठाण्यात खाडीलगतच्या शाळेत मी चौथीला शिकवते. जानेवारीत पहिल्या झटक्यात जमलेला प्रयोग जुलैत बंदच पडला: कंगवा केसांवर कितीही घासा, कपटे जागचे हलत नाहीत. नवा कंगवा आणला, कपटे बारीक केले, फुगाही घासला. काही नाही. "बाई, पुस्तकातलं खोटं असतं का?" हे ऐकून फार वाईट वाटलं.

दोष दमट हवेचा. वस्तूंवर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि घासून तयार झालेला विद्युतप्रभार त्यातून निसटतो. त्यात आपल्या मुलांच्या केसांना तेल, म्हणजे केस बादच.

शेवटी जमलं ते या क्रमाने. कंगव्याऐवजी प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा घेतला. तो साबणाने धुऊन पुसला. टिश्यू पेपरचे तांदळाएवढे कपटे कोरड्या ताटलीत ठेवले. मग पाइप, लोकरीचा मोजा आणि कपटे या तिन्हींवर केस वाळवायचा ड्रायर दोन-दोन मिनिटं फिरवला. कपटे उडू नयेत म्हणून जरा लांबून. पंखा बंद. लगेच पाइपचं एक टोक धरून दुसरं टोक मोज्याने वीसेक वेळा जोरात घासलं आणि कपट्यांपासून दोन बोटं वर धरलं. कपटे टपाटप उडून चिकटले!

घासलेल्या टोकाला मुलांचे हात लागू देऊ नका. घाम लागला की पुन्हा सगळं वाळवावं लागतं.