धान्य व्यापारातील लवाद होण्यासाठी : गाफ्टाच्या परीक्षेची तयारी

धान्य, कडधान्ये आणि पेंड यांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारात तंटा उभा राहिला, तर तो बहुधा न्यायालयात न जाता लंडनच्या ग्रेन अँड फीड ट्रेड असोसिएशनकडे, म्हणजेच गाफ्टाकडे जातो. कारण या संस्थेच्या नमुना करारांत लवादाचे कलम आधीच छापलेले असते. निवाडा देणारे लवाद व्यापारातलेच असतात, आणि त्यांना संस्थेची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. न्हावाशेवा बंदरातून वर्षानुवर्षे माल आणणाऱ्या-पाठवणाऱ्या आपल्या लोकांनी या वाटेचा विचार जरूर करावा, असे मला मनापासून वाटते.

पहिली अट प्रत्यक्ष व्यापाराच्या दीर्घ अनुभवाची. मालाची पारख, जहाज, विमा आणि बँकेची कागदपत्रे हाताखालून गेलेल्या माणसाचा निम्मा अभ्यास झालेलाच असतो. उरलेल्या अभ्यासात नमुना करारांची कलमे आणि लवादाचे १२५ क्रमांकाचे नियम येतात. ही कलमे पाठ करण्यापेक्षा तारखांसह वाचावीत. सीआयएफ (किमतीत विमा आणि जहाजभाडे धरलेल्या) किंवा एफओबी (माल जहाजावर चढवेपर्यंतचाच खर्च धरलेल्या) व्यवहारात मालाच्या प्रतीबद्दलचा दावा जहाजावरून माल उतरवून झाल्यापासून २१ दिवसांत दाखल करायचा असतो, तर इतर बहुतेक दाव्यांना एक वर्षाची मुदत असते. म्हणून कोणतेही प्रकरण हाती आले की आधी तारखांचा तक्ता मांडावा. गाफ्टाच्या लवादाला इंग्लंडचा १९९६ चा लवाद कायदा लागू होतो. आपलाही लवाद कायदा त्याच वर्षाचा असल्याने आपल्याकडचे उमेदवार सहज गोंधळतात.

खरा कस लागतो तो निवाडा लिहिताना, आणि तयारीचा सर्वाधिक वेळ त्यालाच द्यावा. समजा, १,००० टन सोयापेंड ४२० डॉलर दराने विकली गेली, विक्रेत्याने माल दिला नाही, आणि करारभंगाच्या दिवशी बाजारभाव ४५५ होता. नुकसानभरपाई ३५,००० डॉलर हे उत्तर कोणताही व्यापारी तोंडी सांगेल. निवाड्यात मात्र करारभंग नेमका कोणत्या दिवशी झाला, तो दिवस का धरला, ४५५ या भावाचा पुरावा कोणता आणि विक्रेत्याचा बचाव का टिकला नाही, हे क्रमाने लिहावे लागते. दर आठवड्याला असा एक निवाडा हाताने लिहून जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा.

याचे महत्त्व समजण्यासाठी लाल महाल विरुद्ध प्रोजेटो ग्रानो हे प्रकरण अवश्य वाचावे. भारतीय ड्युरम (कठीण दाण्याच्या) गव्हाच्या २०,००० टनांच्या या व्यवहारात माल चढवताना तपासणी संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले होते, तरी मालात मऊ गहू असल्याची तक्रार खरेदीदाराने केली. गाफ्टाच्या अपील मंडळाचा निवाडा खरेदीदाराच्या बाजूने लागला, आणि २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने गुणदोषांत पुन्हा न शिरता त्याच्या अंमलबजावणीस मान्यता दिली. पुढे न्यायालय चूक दुरुस्त करील, या भरवशावर लवादाला लिहिता येत नाही.

नियुक्ती स्वीकारण्यापूर्वी दोन्ही पक्षांशी, त्यांच्या दलालांशी आणि त्या मालाच्या बाजारातील आपल्या चालू सौद्यांशी असलेला संबंध तपासून लेखी कळवावा. संबंध जवळचा असल्यास नियुक्ती नाकारावी.