घरशिक्षण आणि वेगवेगळ्या वयांची मुलं : या चुका टाळा

घरीच शिकवायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिलं काम निघतं ते वेळापत्रकाचं. आठ ते आठ-चाळीस थोरल्याचं गणित, मग मधल्याचं मराठी, मग धाकटीची अक्षरं. रंगीत चौकटी, लॅमिनेशन, भिंतीवर टांगणं. मूल एकच असेल तर हे रेटून नेता येतं. चार, सात आणि अकरा अशी तीन वयं एका खोलीत असली की पंधरा दिवसांत त्याचा बोजवारा उडतो आणि खापर मुलांवर फुटतं: बसतच नाहीत, लक्षच देत नाहीत. मुलांचं काही चुकलेलं नसतं. बेरीज चुकलेली असते.

मोठ्या दोघांचे पाच-पाच विषय आणि प्रत्येक विषयाला ४० मिनिटं धरली, तर ४०० मिनिटं होतात, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं. धाकटीचा एक तास त्यात धरलेलाच नाही. स्वयंपाक, धुणं आणि आईचं किंवा बाबांचं घरून चालणारं काम यासाठी मग उरतं काय? मुळात शाळेचा तास वर्गभर मुलांसाठी आखलेला असतो. हजेरी, फळा, वह्या, शांत बसवणं हे सगळं त्यातच येतं. एकाच मुलाशेजारी बसून तोच भाग १५ ते २० मिनिटांत होतो. घरात शाळा उभी करणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे आणि ती सगळ्यात हौसेने केली जाते.

ती कुठवर नेते, याचं नाशिकच्या गंगापूर रोड भागातल्या एका घरातलं उदाहरण सांगण्यासारखं आहे. जूनमध्ये तिघांची तीन वेळापत्रकं लागली. सकाळी थोरल्याचे अपूर्णांक सुरू झाले की धाकटीला नेमकं तेच पेन हवं असायचं. तिला सांगितलं जायचं, “थांब, तुझा तास दहाला.” चार वर्षांच्या मुलीला दहा म्हणजे काय कळणार? रडारड, मग मोबाइल. सात वर्षांचा तोवर वजाबाकीचं पान पुरं करत बसलेला. ४२ मधून १७ वजा करून उत्तर ३५. पानावरची सगळी उदाहरणं याच पद्धतीची, आणि बघायला कुणाला वेळ नाही. जुलैमध्ये ताण वाढला तेव्हा धाकट्या भावाला शिकवायचं काम थोरल्यावर आलं. त्याने अकरा वर्षांच्या मुलाला सुचेल तसा सोपा नियम दिला: नेहमी मोठ्या आकड्यातून छोटा आकडा वजा करायचा. म्हणजे जी चूक मधला आधी नकळत करत होता, तिला आता दादाचा शिक्का मिळाला. ती पक्की होऊन दिवाळीपर्यंत टिकली. तोवर दोघे भाऊ गणिताच्या वेळी एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

यात एकात एक गुंतलेल्या तीन चुका आहेत. इयत्तेनुसार दिवस कापला, सगळ्यात लहान मुलाला शेवटी ठेवलं आणि थोरल्याला मास्तर केलं. थोरल्याने धाकट्यांना गोष्ट वाचून दाखवावी, पाढे म्हणून घ्यावेत, खेळात सोबत घ्यावं. नवी संकल्पना मात्र त्याच्याकडून शिकवून घेऊ नये. त्याला उत्तर काढता येतं, पण समोरच्याचं कुठे चुकतंय ते ओळखता येत नाही. ते काम मोठ्या माणसाचं आहे आणि त्यात कसलाही आडमार्ग नाही.

दिवस इयत्तेनुसार कापू नका, कामानुसार कापा. वाचन-लेखन आणि गणित ज्याचं त्याच्या पातळीवर. परिसर, इतिहास, भूगोल, गोष्टी आणि चित्रकला सगळ्यांचं एकत्र. माझा क्रम ठरलेला आहे आणि तो मी सहसा बदलू देत नाही: धाकटं मूल सगळ्यात आधी. १५ मिनिटं पूर्ण लक्ष, फोन दुसऱ्या खोलीत. पोटभर लक्ष मिळालेलं मूल पुढचा अर्धा तास बऱ्यापैकी स्वतःत रमतं. मग मधला २५ मिनिटं. त्या वेळात थोरल्याने आधी शिकलेल्या भागाचा सराव करायचा. मग थोरला ३० मिनिटं, आणि शेवटी सगळे मिळून ४५. झाले जेमतेम दोन तास. नवा धडा एका दिवशी एकालाच. दोघांना एकाच सकाळी नवं काही सुरू केलंत की दोन्ही अर्धवट राहतात.

धाकट्यासाठी एक खोका ठेवा. मोठ्यांचा अभ्यास चालू असतानाच तो उघडायचा आणि संपला की उचलून वर ठेवायचा. दिवसभर खाली राहिला तर चार दिवसांत त्याची गंमत संपते. आत वेगवेगळ्या मापांचे डबे आणि त्यांची झाकणं, जाड खडू, कणकेचा गोळा. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर मणी, चिंचोके, राजमा अजिबात नको. ते नाकात-घशात अडकतात.

आता वजाबाकीकडे. १२० आइसक्रीमच्या काड्या आणि रबरबँड घ्या. दहा-दहाचे दहा गठ्ठे बांधा, वीस काड्या सुट्या ठेवा. ४२ म्हणजे चार गठ्ठे आणि दोन सुट्या. त्यातून सात सुट्या काढायच्या तर एक गठ्ठा सोडावाच लागतो. दशक सुटा करणं हाताने केलं की ३५ हे उत्तर मुलाला स्वतःलाच खटकतं. निदान आठवडाभर फक्त काड्या, त्यानंतर आठवडाभर काड्या आणि वही शेजारी-शेजारी, मग नुसती वही. अधीर पालक तिसऱ्या दिवशी काड्या उचलून ठेवतात, कारण “आता येतंय त्याला”. त्याला काड्यांनी येत असतं. वहीवर यायला अजून वेळ आहे.

याच काड्या थोरल्यापुढे ठेवा आणि सांगा, आज गठ्ठा म्हणजे १ आणि काडी म्हणजे ०.१. त्याचं उदाहरण ४.२ वजा १.७. भाऊ २५ म्हणतो, हा २.५ म्हणतो, आणि दोघांच्या समोरचा ढीग एकच. धाकटी दहा-दहा काड्या मोजून देते, रबरबँड मोठ्यांनी लावायचे. एका साहित्यावर तीन वयं अशी बसतात. बाजारातले तीन वेगळे संच लागत नाहीत. एकोणसाठ ऐकून ६९ लिहिणाऱ्या मुलालाही रागावू नका. साठाचे सहा गठ्ठे मांडून त्यातली एक काडी काढायला लावा.

एकत्र शिकण्यातली नेहमीची चूक म्हणजे तिघांना एकच प्रश्नपत्रिका देणं. विषय एक असावा, काम वेगळं. नाशिकमध्ये यासाठी पावसाइतका सोपा विषय नाही. दोन लिटरची, सरळ बाजूंची प्लॅस्टिक बाटली घ्या. वरचा निमुळता भाग जिथे सुरू होतो तिथे कापा. झाकण काढून तो भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा आणि कडा चिकटपट्टीने पक्की करा. बाटलीचा तळ खळग्यांचा असतो. बाजू सरळ होतात तिथपर्यंत खडे आणि पाणी भरा. तिथे शून्य, आणि तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. शून्य तळापासून धरलं तर पहिले काही सेंटीमीटर खोटं माप मिळतं, आणि बहुतेक घरचे पर्जन्यमापक इथेच बिघडतात. दुसरी गफलत जागेची. बाल्कनीत पाऊस तिरका येतो, पन्हाळीखाली जास्त पडतो. गच्चीवर किंवा अंगणात मोकळं, भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, विटांनी आवळून ठेवा. नोंद रोज सकाळी साडेआठला करा, हवामान खात्याचा चोवीस तासांचा पाऊसही तेव्हाच मोजतात. मग पाणी ओतून पुन्हा शून्यावर आणा.

धाकटी पाणी ओतते आणि पावसाच्या दिवसाला निळी टिकली लावते. मधला आकडा लिहून आलेखाच्या कागदावर पट्टी रंगवतो. थोरल्याला एवढंच सांगा की १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. पाचशे चौरस फुटांची गच्ची साधारण ४६.५ चौरस मीटर. २० मिलिमीटर पावसात तिच्यावर ९३० लिटर पडलं, म्हणजे हजार लिटरची टाकी जवळपास भरली. पुढचा प्रश्न त्यालाच सुचू द्या: शहरात रिमझिम असताना गोदेला पूर कसा येतो? त्र्यंबकच्या डोंगरात पडलेला पाऊस, गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी, आणि गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं यावरून पूर मोजणारे नाशिककर. भूगोलाचा धडा तिथेच होतो. पूर ओसरल्यावरच घाटावर न्या, पाणी वाढलेलं असताना नाही.

हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात गेलात तर तिथेही प्रत्येकाला वेगळं, एकेकच काम द्या. धाकटीने रंग शोधायचे, मधल्याने दोन पक्ष्यांच्या चोची काढायच्या, थोरल्याने थव्यातले दहा पक्षी मोजून त्यावरून साऱ्या थव्याचा अंदाज करायचा. पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं स्थळ. पण ही माहिती पक्षी बघून झाल्यावर सांगा. आधी सांगितलीत की मुलं पाणथळीकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघतात.

गोष्ट वाचून झाल्यावर सांगायला लावताना धाकट्यापासून सुरुवात करा. थोरला आधी बोलला की बाकीचे त्याचंच म्हणतात.

वर्षभराच्या वह्या आणि संच जूनमध्ये विकत घेऊ नका. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात, आधी ती वापरून बघा.

शाळा नुकतीच सोडलेल्या मुलाला पहिले काही आठवडे अभ्यासाला जुंपू नका.

दुरुस्तीसाठी लाल पेन नको. एका पानावर एकाच प्रकारची चूक दाखवा.

कागदपत्रांची हेळसांड मात्र अक्षम्य आहे, कारण ती थोरला दहावीला आला की मगच लक्षात येते. शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्मदाखला मूळ प्रतींसह एका फाइलमध्ये ठेवा. दोन्हींवरचं नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर जुळते का ते आजच बघा. राज्य मंडळाकडून खाजगी विद्यार्थी म्हणून बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म लागतो आणि त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून बसायचं तर दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, त्यामुळे सगळे विषय एकाच वेळी उरकायची सक्ती नाही. विज्ञान घेणार असाल तर प्रात्यक्षिकं कुठे होणार, हे प्रवेश घेण्याआधी केंद्रावर जाऊन विचारा.