शिंप्याचा जवळून फोटो काढायचा तर

परसात कुणीतरी ‘टुविट् टुविट् टुविट्’ करत असतं. आवाज एवढा खणखणीत, की पक्षी साळुंकीएवढा तरी असावा असं वाटतं. जास्वंदीत डोकं घालून पाहावं तर फक्त पानं हलतात. तो शिंपी. शेपटीसकट बारा-तेरा सेंटिमीटर, वजन सहा ते दहा ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याइतकं. तांबूस माथा, शेवाळी पाठ, पांढुरकं पोट आणि कायम वर उचललेली शेपूट. पानाला पान शिवून घरटं करतो म्हणून आपण त्याला शिंपी म्हणतो. शास्त्रज्ञांनी मात्र लॅटिनमधून मोची ठरवलाय: ‘ऑर्थोटोमस सुटोरियस’. दोन्ही नावं टाक्यावरून आलेली, तेव्हा भांडण नाही.

हा पक्षी दुर्मीळ नाही, पण फोटोत सापडत नाही. मी पहिलं अख्खं वर्ष त्याच्यामागे परसभर फिरण्यात घालवलं. हाती लागल्या त्या रिकाम्या फांद्या. एखाद्या फोटोत अर्धी शेपूट. चूक साधी होती: मी त्याच्याकडे जात होतो.

सुरुवात वहीपासून करा. आठवडाभर कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. सकाळी चहा घेऊन एकाच जागी बसायचं आणि आवाज आला की वेळ आणि झाड लिहायचं. ‘७.२०, तगर. ७.२६, कढीपत्ता. ७.४०, कुंपणावरची गोकर्ण.’ शिंप्याची जोडी बहुधा एका ठरलेल्या टापूत राहते आणि अळ्या, कोळी, किडे टिपत त्याच त्या झुडपांतून फिरते. चौथ्या-पाचव्या दिवशी वहीत एक फेरी दिसायला लागते. आमच्याकडे कढीपत्त्याचा नंबर साधारण साडेसातला लागायचा. तेवढं कळलं की अर्धं काम झालं.

मग जागा. पानांच्या आत घुसून तुम्हाला काही मिळणार नाही. फेरीतल्या दोन झुडपांमधली, थोडी मोकळी असलेली एखादी फांदी हेरा. तिच्यामागे दोन-तीन मीटर काही नसेल तर उत्तम, पार्श्वभूमी आपोआप मऊ येते. सकाळचं ऊन तुमच्या पाठीशी हवं. बसायला बुटकं स्टूल घ्या, कारण शिंपी बहुतेक वेळ कमरेच्या आसपासच्या उंचीवर असतो. उभ्याने काढलेल्या फोटोत त्याचा माथा तेवढा येतो.

अंतराचं गणित एकदा करून ठेवावं. फुल-फ्रेम (म्हणजे ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४०० मिलिमीटरची लेन्स असेल तर तीन मीटरवर सुमारे २७ सेंटिमीटर रुंदीचा तुकडा चौकटीत मावतो. शिंपी त्यातली जवळजवळ अर्धी जागा व्यापतो. पाच मीटरवर तोच तुकडा ४५ सेंटिमीटरचा होतो आणि पक्षी पाव भागात येतो. म्हणून तीन-साडेतीन मीटर धरा, पण आपली लेन्स किती जवळचं फोकस करते ते आधी तपासा.

आता त्याला त्या फांदीवर आणायचा कसा? पाण्याने. शिंपी ओल्या पानांवर अंग घासून आंघोळ करतो. त्याच्या वेळेआधी दहा मिनिटं फवाऱ्याने कढीपत्ता चिंब करायचा, पानांच्या टोकांवर थेंब लोंबायला हवेत. शेजारी एक उथळ परळ ठेवा, पाणी दोन-तीन सेंटिमीटरच. रोज त्याच वेळी करा. माझ्याकडे नवव्या दिवशी तो आला आणि मी तेव्हा कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होतो. मोबाइलवर त्याचा आवाज लावून बोलवायचा मोह होईल. तो करू नका. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला, आणि बिचारा खाणंपिणं सोडून त्याला शोधत बसतो.

आडोसा म्हणून कपडे वाळत घालायच्या स्टँडवर जुनी हिरवी किंवा मातकट चादर टाकली तरी पुरतं. लेन्सपुरतं भोक पाडा. चादर दोन दिवस आधीच तिथे लावून ठेवा, म्हणजे त्याला ती सवयीची होते. तळमजल्याच्या खिडकीचा पडदा असेल तर त्याहून सोपं.

सेटिंगमध्ये शटरवर तडजोड नको. हा एका जागी दोन सेकंद टिकत नाही. १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. सावलीत आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १६०० ते ३२०० पर्यंत जाईल, जाऊ द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. तीन मीटरवर एफ ६.३ ला (लेन्सचं छिद्र एवढं उघडं असताना) स्पष्ट दिसणारा पट्टा पुढे-मागे मिळून जेमतेम दोन सेंटिमीटर मिळतो. म्हणजे डोळा धारदार आला तरी तिरक्या पक्ष्याची शेपूट गेलीच. तो कडेने दिसेल तेव्हाच बटण दाबा, फोकस डोळ्यावर.

महागडी लेन्स नसेल तर मोबाइल छोट्या स्टँडवर लावून ओल्या फांदीपासून अर्ध्या मीटरवर ठेवा, फोर-के व्हिडिओ चालू करा आणि घरात जा. त्यातून काढलेली एक चौकट आठ मेगापिक्सेलची असते.

त्याला घाबरवायला हात हलवलेला पुरतो. बर्स्टची, म्हणजे एका दमात काढलेल्या अनेक फोटोंची टकटकही नको, शांत शटर असेल तर तेच वापरा. आणि ओरडताना त्याच्या मानेकडे बघा: गळा फुगला की पिसांखालची गडद कातडी दोन्ही बाजूंना काळ्या पट्टीसारखी दिसते. चोच मिटली की पट्टी गायब. माझ्या लेखी शिंप्याचा खरा फोटो तो.

घरट्याचा मात्र नाही. ते सापडणं तसंही अवघड, कारण पानाच्या कडेला पाडलेली भोकं इतकी बारीक असतात की पान करपत नाही, हिरवंच राहतं. सापडलंच तर समोरचं पान बाजूला करू नका. भारद्वाजाला आणि मांजराला तेवढी फट पुरते. पक्ष्यांची घरटी विस्कटणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीतच मोडतं, हेही माहीत असू द्या. पावसाळ्यात कुंपण छाटण्याआधी शिवलेली पानं शोधा. पिल्लं साधारण दोन आठवड्यांत उडतात. त्यानंतर ती बाहेरच्या फांदीवर चोच वासून बसतात आणि आईबाप अळ्या घेऊन फेऱ्या मारतात. तेव्हा चादर तिथेच असेल, तर स्टूल घेऊन बसा.