लॉगिन केलं की सर्व्हर झोपतो: पासवर्ड हॅशची मेमरी

२ जीबी रॅमचा लिनक्स सर्व्हर, पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणाऱ्या प्रोसेस सांभाळणारा प्रोग्रॅम) आणि मायएसक्यूएल डेटाबेस एकाच मशीनवर. दिवसभर पानं सुरळीत उघडायची. सकाळी सगळे एकदम लॉगिन करू लागले की डेटाबेसच बंद. पीएचपीच्या लॉगमध्ये फक्त कनेक्शन तुटल्याची ओरड, म्हणून आधी मायएसक्यूएलवर संशय गेला. खरं उत्तर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये होतं: 'आउट ऑफ मेमरी', आणि मेमरी मोकळी करायला कर्नलने मारलेल्या प्रोसेसचं नाव मायएसक्यूएलडी, म्हणजे मायएसक्यूएलचा सर्व्हर. सगळ्यात जास्त मेमरी खाणारा तोच, म्हणून बळीही तोच.

पासवर्ड आर्गॉन२आयडीने (मुद्दाम भरपूर मेमरी वापरणारी पद्धत) हॅश केलेले, म्हणजे मूळ पासवर्ड उलगडता येणार नाही अशा रूपात साठवलेले. पीएचपीत त्याची मूळ सेटिंग ६५५३६ केबी, म्हणजे प्रत्येक पडताळणीला ६४ एमबी. एफपीएमचे कमाल चिल्ड्रन, म्हणजे एका वेळी विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस, ४० ठेवले होते. सगळे एकदम पडताळणीत गुंतले तर ४० गुणिले ६४ म्हणजे २५६० एमबी, रॅमपेक्षा जास्त. गंमत अशी की ही मेमरी पीएचपीच्या मेमरी लिमिटमध्ये मोजलीच जात नाही, त्यामुळे ती मर्यादा कमी करून काही उपयोग होत नाही.

चिल्ड्रन १० वर आणले, २ जीबी स्वॅप (रॅम कमी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा) जोडला. हॅशची मेमरी १९४५६ केबी केली, हॅश काढण्याच्या फेऱ्या २. पण नुसती सेटिंग बदलून भागत नाही: जुन्या हॅशमध्येच 'एम=६५५३६' कोरलेलं असतं, पडताळणी त्याच आकड्याने होते. लॉगिन यशस्वी झाल्यावर रीहॅश (नव्या सेटिंगने पुन्हा हॅश) लागतो का ते तपासून नवा हॅश साठवायचा. बदलानंतर प्रत्येक खात्याचं पहिलं लॉगिन जडच जातं, म्हणून सगळे हॅश बदलेपर्यंत चिल्ड्रनचा १० चा आकडा वाढवू नका.