पिचरांच्या ईआरएची तुलना करताना या चुका टाळा

बेसबॉलमध्ये पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, प्रतिस्पर्ध्यांच्या धावा किती रोखल्या, हे ईआरए (अर्न्ड रन ॲव्हरेज) या आकड्याने मोजतात. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे मिळालेल्या धावा वगळून ज्या उरतात, त्या अर्न्ड रनना 9 ने (एका सामन्यातील इनिंग) गुणायचे आणि पिचरने टाकलेल्या इनिंगने भागायचे. येणारा आकडा जितका कमी, तितकी कामगिरी चांगली. अमेरिकेतील दोन नामवंत पिचर घ्या: सँडी कूफॅक्सचा कारकिर्दीतील ईआरए 2.76 आणि पेद्रो मार्टिनेझचा 2.93, म्हणून कूफॅक्स सरस, असे म्हणणाऱ्याचा हिशेब बरोबर असतो, पण निष्कर्ष टिकत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे काळ विसरणे. कूफॅक्सने 1966 मध्ये 1.73 आणि मार्टिनेझने 2000 मध्ये 1.74 ईआरए राखला, म्हणजे कागदावर दोघे जवळजवळ सारखेच आहेत. परंतु कूफॅक्सच्या काळी पिचरचा उंचवटा 15 इंचांचा होता, स्ट्राइक झोन (ज्यातून गेलेला चेंडू फलंदाजाविरुद्ध मोजला जातो ते क्षेत्र) मोठा होता आणि तो खेळत असलेल्या नॅशनल लीगमध्ये समोरच्या संघाचा, फलंदाजीत सहसा कच्चा असलेला पिचरही बॅट घेऊन उभा राहत असे. 1968 च्या हंगामानंतर उंचवटा 10 इंचांवर आणला गेला, स्ट्राइक झोन लहान केला गेला आणि 1973 पासून दुसऱ्या, अमेरिकन लीगमध्ये पिचरच्या जागी खास फलंदाज खेळू लागला. 2000 मध्ये त्या लीगमध्ये मार्टिनेझच्या खालोखाल रॉजर क्लेमेन्स होता आणि त्याचा ईआरए 3.70 होता! पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातील एवढी दरी पाहिल्यावरच त्या 1.74 चे मोल ध्यानात येते.

मैदानाचेही तसेच आहे. 1962 मध्ये खुले झालेले डॉजर स्टेडियम पिचरांना साथ देणारे होते आणि तेथे कूफॅक्सचा ईआरए 1.37 इतका कमी राहिला. मार्टिनेझने मात्र आपले सर्वोत्तम हंगाम फलंदाजांना अनुकूल असलेल्या फेनवे पार्कमध्ये काढले. काळ आणि मैदान या दोहोंचा हिशेब धरणारा आकडा म्हणजे ईआरए प्लस, ज्यात लीगची सरासरी 100 मानतात आणि आकडा जितका जास्त, तितकी कामगिरी चांगली. 1966 चा कूफॅक्स त्यात 190 वर आहे, तर 2000 चा मार्टिनेझ 291 वर.

मात्र हा आकडा वाचतानाही चूक होते. मार्टिनेझचा कारकिर्दीतील ईआरए प्लस 154 आहे, म्हणून त्याने लीगच्या सरासरीपेक्षा 54 टक्के कमी धावा दिल्या असे अनेक जण लिहितात. 100 ला 154 ने भागल्यास सुमारे 0.65 येतात, तेव्हा त्याने सुमारे 35 टक्के कमी धावा दिल्या, हा खरा अर्थ.

स्वतः काढलेला ईआरए छापील आकड्याशी जुळत नसेल, तर आधी इनिंगचा दशांश तपासावा. क्रिकेटमध्ये 4.3 षटके म्हणजे चार षटके आणि तीन चेंडू, तसे 2827.1 इनिंग म्हणजे 2827 पूर्ण इनिंग आणि पुढचा एक बळी; इनिंगमध्ये तीन बळी असतात, म्हणून तो .1 एक तृतीयांश धरावा लागतो. तेवढ्यानेही जुळले नाही, तर हंगामांच्या ईआरएची सरासरी काढली गेली असण्याची शक्यता मोठी. समजा एका हंगामात 200 इनिंगमध्ये 60 अर्न्ड रन, म्हणजे 2.70, आणि दुसऱ्यात 20 इनिंगमध्ये 20, म्हणजे 9.00, यांची सरासरी 5.85 येते, पण एकत्रित ईआरए 3.27 आहे.

सामन्याच्या शेवटी येणारा पिचर मारियानो रिव्हेरा याचा 2.21 ईआरए आणि 205 ईआरए प्लस हे आकडे कूफॅक्स आणि मार्टिनेझ यांच्या यादीत मिसळू नयेत. तो बहुतेक वेळा शेवटची एकच इनिंग टाकत असे आणि त्याच्या संपूर्ण कारकिर्दीत 1283.2 इनिंग आहेत. शिवाय तो आत येताना आधीच बेसवर असलेले खेळाडू घरी पोहोचले, तर त्या धावा आधीच्या पिचरच्या नावे लागतात.

शेवटी क्षेत्ररक्षणाचा आणि नशिबाचा भाग उरतो. एफआयपी हा आकडा क्षेत्ररक्षण बाजूला ठेवून फक्त होम रन, वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फलंदाजाला मिळालेला बेस), पिचरचा चेंडू अंगाला लागून फलंदाजाला मिळालेला बेस आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) मोजतो; तोही जितका कमी, तितका चांगला. मार्टिनेझचा ईआरए 1999 मध्ये 2.07 होता, म्हणजे 2000 पेक्षा जास्त. एफआयपी मात्र 1999 मध्ये 1.39 आणि 2000 मध्ये 2.17. 313 स्ट्राइकआउट आणि अवघे 37 वॉक असलेला 1999 चा हंगामच माझ्या मते त्याचा सर्वश्रेष्ठ हंगाम होय.