सुझोऊला जाताय? ओऊयुआन बाग चुकवू नका

शांघायहून बुलेट ट्रेनने साधारण अर्ध्या तासात चीनमधलं सुझोऊ शहर येतं. तिकिटासाठी पासपोर्ट सोबत हवाच. बहुतेक जण थेट झुओझेंगयुआन या प्रसिद्ध बागेत शिरतात आणि गर्दीत अडकतात. शांतता हवी असेल तर ओऊयुआन गाठा. मधे घर, दोन्ही अंगांना बागा, तीन बाजूंनी पाणी; २००० पासून जागतिक वारसा यादीतही आहे. सकाळी उघडताच आत जा. पिवळसर दगडांच्या कृत्रिम डोंगरापाशी निवांत बसा, फोटो नंतर. भिंतीतल्या जाळीदार खिडक्यांपाशी मात्र दोन पावलं मागे-पुढे व्हा, पलीकडचं चित्र प्रत्येक पावलाला बदलतं. मला तर तिथून हलवेना! १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा कटाक्षाने टाळा.